मूळ प्रत

१८ जुलै

चि. शंकासुर हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं आठ पानी पत्र पोचलं. त्याला डावीकडे समास नाही, उजवीकडे नाही, वरखाली तर नाहीच. झाकणावर बसल्याशिवाय न मिटणाऱ्या ट्रंकेसारखं तू ते काठोकाठ भरलं आहेस. बावीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासतो आहे. लोक जाहीर माफीनामे छापायला देतात तेव्हासुद्धा माझ्या लाल शाईसाठी दोन बोटं जागा सोडतात. तुझ्या चुका शेवटी ओळींच्या फटींतून दुरुस्त केल्या. पत्र नेहमीप्रमाणे सोबत परत पाठवतो आहे. तपासलेलं मुद्रित ज्याचं त्याला परत गेलं पाहिजे हा धंद्याचा नियम आहे, आणि सख्खी बहीण त्याला अपवाद नाही.

आता तुझी बातमी. सत्तेचाळिसाव्या वर्षी तू तत्त्वज्ञानाच्या इतिहासात एम.ए. करणार हे ऐकून तुझ्या वहिनीने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, हातात कप होता. सकाळी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जिवंत माणसांचं रक्त तपासायचं आणि दुपारी दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांची डोकी तपासायची, असा बेत दिसतो. गंमत याची वाटते की एकविसाव्या वर्षी ‘मला नाही पुढे शिकायचं’ असं स्वतःच्या तोंडाने सांगून जिने नोकरी धरली, तिला आता बाकावर बसायची हुक्की आली. असो. लहानपणी ‘पण का?’ विचारून विचारून शंकासुर हे नाव कमावलंस, ते अखेर सार्थकी लागतंय.

तुमच्या मार्गदर्शक बाईंचा नियम मला फार पसंत पडला. प्रत्येक विद्यार्थ्याने एक विरोधक गाठायचा आणि त्याच्याशी लेखी वाद घालायचा. आमच्या पाठशाळेत हेच चाले. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःलाही जमणार नाही इतकं चांगलं मांडायचं. मग त्याला उत्तर. ज्याला पूर्वपक्ष नीट मांडता येत नसे, त्याचं उत्तर गुरुजी ऐकूनच घेत नसत. तर तुझा विरोधक मी. विषय ठरला: आठवण हे ज्ञान मानावं की नाही. तू मानावं म्हणणार, मी मानू नये म्हणणार. ज्याचं सगळं शिक्षण पाठांतरावर झालं त्याने स्मृतीच्या विरोधात उभं राहायचं, म्हणजे माशाने पाण्यावर फिर्याद लावायची. लावतो. फोनवर मात्र नको. फोनवर तू मध्ये बोलतेस.

लोभ आहेच. समास वाढवावा.
तुझा
दादा

*

६ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चार बोटं समास सोडला आहे. आता त्यात हवा तर हत्ती घाल.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले आणि सगळे उभे राहिले. कोण आलं म्हणून मी मागे वळून पाहिलं! आता मला काकू म्हणतात आणि माझ्या वह्या मागून नेतात. दोनला माझी पाळी सुटते, अडीचला तास. अंगाला स्पिरिटचा वास तसाच असतो. शेजारी बसणाऱ्या मुलीने सांगितलं की त्या वासाने तिला झोप येत नाही, तेव्हा मी रोज तिथेच बसावं.

सध्या ग्रीक चालू आहेत. एकेक जण येतो आणि आधीच्या सगळ्यांना खोडून टाकतो. कुणीतरी वैतागून विचारलं की मग हे खोडलेलं कशाला वाचायचं. बाई म्हणाल्या, कसं खोडलं ते बघायलाच तर तुम्ही आलात. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं की मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं.

आता वाद. तुझ्या पाठशाळेतले नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, स्मृतीला ज्ञानाच्या साधनांत जागा देत नाहीत. म्हणतात, ती नवं काहीच सांगत नाही, जुन्या अनुभवाचा ठसा तेवढा पुन्हा उमटवते. जैन मात्र तिला मानाने आत घेतात. धूर पाहून आग ओळखायची, तर धूर आणि आग यांची जोडी आठवावी लागते. आठवण बाद केली तर अनुमानही बाद होतं. मी त्यांच्या बाजूची.

तू काय म्हणणार तेही मला इथे बसून ऐकू येतंय. तुमच्या छापखान्यात नळ फुटून एका हस्तलिखिताचा लगदा झाला होता, आठवतं? महिनाभर तू भेटेल त्याला विचारत होतास की आता मुद्रित ताडायचं कशाशी. स्मृतीचं तेच आहे म्हणशील. अनुभव होऊन गेला, मूळ प्रत नाहीशी झाली, हातात राहिलं ते मुद्रित. ते बरोबर की चूक हे कोण सांगणार? म्हण, खुशाल म्हण. मी भीत नाही.

एकविसाव्या वर्षाचं तू लिहिलंस, ते तुला आठवतं तसं असेल. मला सध्या ग्रीकच पुरे आहेत.

वहिनीला नमस्कार. लोभ कमी झाला तर समासात कळव.
तुझी
शंकासुर

*

१४ डिसेंबर

चि. शंकासुर हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पहिल्या सत्रात वर्गात तिसरी आलीस. वरच्या दोघांना त्यांच्या आया सकाळी उठवतात, तू स्वतः उठतेस; तेव्हा तुला पहिली धरायला हरकत नाही, असा निकाल वहिनीने दिला आहे. अपील नाही.

माझ्याकडे सध्या औषधांच्या खोक्यांत घालायची माहितीपत्रकं तपासायला आली आहेत. अक्षर मुंगीच्या पायाएवढं. तिसऱ्या पत्रकापर्यंत मला त्यात छापलेले सगळे त्रास होऊ लागतात. काल ‘क्वचित आढळणारी लक्षणे’ तपासताना मला ती एकूण एक आढळली. चौथं पत्रक गर्भवतींसाठी होतं म्हणून वाचलो.

आता सावध हो. पूर्वपक्ष असा आहे. एका ग्रंथाची मूळ प्रत नष्ट झाली. उरलं केवळ मुद्रित. ते सुबक आहे, सुवाच्य आहे, वाचणाऱ्याला खरंच वाटतं. पण सुबकपणा हा खरेपणाचा पुरावा नव्हे. ज्याचं मूळ ताडायला उरलं नाही, त्या मुद्रिताला शोधक शुद्ध म्हणणार नाही, अशुद्धही म्हणणार नाही. तो त्यावर सही करणार नाही, एवढंच. स्मृती ही अशी कायम सहीवाचून राहिलेली प्रत आहे. तिला ज्ञान कसं म्हणावं? बोल.

ही उपमा मला रविवारी दाढी करताना सुचली. आनंदाच्या भरात हनुवटी कापली. वहिनीने तुरटी लावली आणि विचारलं की एवढं हसण्यासारखं आरशात काय दिसलं. तर या उपमेसाठी मी रक्त सांडलं आहे. तुला तपासायला हवं तर पाठवतो.

लोभ आहेच, उत्तर सुचेपर्यंत वाढवतो.
तुझा
दादा

*

९ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दोन वर्षं कशी गेली कळलं नाही आणि आता शेवटच्या पंधरा दिवसांत सगळं अडकलं आहे. घाबरून फोन करणार होते, पण फोनवर रडू आलं असतं.

लघुप्रबंध महिन्यापूर्वी दिला. काल बाईंनी बोलावून घेतलं. बाहेरच्या परीक्षकांचा शेरा आला आहे की तिसरं प्रकरण, आपला पूर्वपक्ष, विद्यार्थिनीने लिहिलेलं नाही. लिहिणारा माणूस संस्कृतात मुरलेला आहे आणि छापखान्यात वावरलेला आहे. मूळ प्रत आणि मुद्रित ही उपमा प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्या बाईला सुचणं शक्य नाही, असं त्यांनी अगदी याच शब्दांत लिहिलं आहे. बावीस तारखेला तोंडी परीक्षा. तिथे समाधान झालं नाही तर प्रबंध बाद, पदवी नाही, आणि लबाडीचा शेरा कायमचा. बाईंचा माझ्यावर विश्वास आहे, पण त्या म्हणाल्या की विश्वास टेबलावर ठेवता येत नाही, कागद आण.

चूक माझी आहे. प्रकरण मी लिहिलं, पण त्या उपमेवर उभं केलं आणि तुझी तीन वाक्यं तशीच्या तशी घेतली. पूर्वपक्ष विरोधकाच्याच तोंडचा असावा असं वाटलं. आभाराच्या पानावर ‘दादा’ लिहिलं आणि झालं. त्या तीन वाक्यांना अवतरणचिन्हं घालायची असतात हे मला सुचलंच नाही. इतर सव्वाशे ठिकाणी टिपा दिल्या, दादा! पण घरातली वाटी वापरताना खाली कुणाची म्हणून कोण लिहितं?

तर तू लेखी दे. काय तुझं, काय माझं. खरं तेच लिही. माझ्यासाठी एक शब्दही वाकवू नकोस, तसला निकाल मला नको.

लोभ आहे ना, एवढंच विचारते.
तुझी
शंकासुर

*

१३ मे

चि. शंकासुर हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

खरं तेच लिहायचं म्हणजे पंचाईत आहे, कारण उपमा माझी आहे. मी खूप आठवून पाहिलं. रविवारची सकाळ, आरसा, साबणाचा फेस, हनुवटीवरची धार, तुरटीची आग. सगळं काल घडल्यासारखं समोर आहे. वहिनी म्हणाली, उपमा तिचीच होती असं लिहिलंत तर आभाळ कोसळेल का? मी म्हणालो, कोसळणार नाही, पण तिने स्पष्ट बजावलंय. त्यावर वहिनी म्हणाली की भाऊबहीण दोघेही एकाच साच्यातले हट्टी, आणि आत जाऊन भांडी जरा जोरात ठेवली.

सोबत निवेदन आहे. ‘उपमा माझी, तीन वाक्ये माझी, उर्वरित सर्व प्रकरण तिचे, हे मी शपथेवर सांगतो.’ खाली सही. मूळ ताडल्याशिवाय मी जन्मात कशावर सही केली नव्हती. या वेळी गरज वाटली नाही, आठवण लख्ख आहे. हा कागद तुला तारेल की बुडवेल हे मला सांगता येत नाही. माझ्या लेखणीने आजवर लोकांच्या चुका काढल्या. तिने तुझी पदवी काढून घेतली तर मी ती लेखणीच मोडून टाकीन.

तुझी माझी सगळी पत्रं तुझ्यापाशीच आहेत, मीच परत पाठवत आलो. तारखेने लावून ठेव. आणि सरळ बस, पोक काढू नकोस. परीक्षकांना पोक दिसतो.

लोभ आहे, हे काय विचारणं झालं?
तुझा
दादा

*

२३ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! आधी हे वाच, मग चष्मा पूस, मग पुढचं वाच.

एकवीस तारखेला कामावरून आले आणि पत्रं जमिनीवर तारखेने मांडली. तुझी, माझी, सगळी. उपमा तुझी याबद्दल मलाही तिळमात्र शंका नव्हती. तुझं डिसेंबरचं पत्र काढलं आणि त्याच्या आधीचं कुठलं म्हणून पाहिलं, तर माझं सहा ऑगस्टचं, तू तपासून परत पाठवलेलं. त्यात, दादा, माझ्या अक्षरात: अनुभव होऊन गेला, मूळ प्रत नाहीशी झाली, हातात राहिलं ते मुद्रित. तुझ्या चार महिने आधी! तू असं म्हणशील म्हणून मी तुला चिडवायला लिहिलं होतं आणि विसरून गेले होते. आणि त्या चार बोटांच्या समासात काय, सांगू? तुझी लाल शाई: ‘हे शस्त्र माझ्या बाजूचे. तू कशाला परजतेस? जप्त केले आहे.’ मी जमिनीवर बसून इतकी हसले की खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या.

परीक्षेची खोली लांबट, टेबलाला हिरवं कापड, पाण्याचा जग आणि ग्लास एकच. परीक्षक किडकिडीत, कानामागे पेन्सिल. मी त्यांच्यापुढे तुझं शपथेचं निवेदन ठेवलं आणि शेजारी माझं पत्र ठेवलं. निवेदन लपवावं असं क्षणभर मनात आलं होतं, वहिनीला सांग. त्यांनी दोन्ही वाचली, टपालाचा शिक्का पाहिला, समास वाचला आणि पेन्सिल कानामागून काढली. म्हणाले, प्रकरण तुमचं हे मान्य. पण मग तुमचा प्रबंध बुडाला. दोन प्रामाणिक माणसं, दोघांची आठवण लख्ख, एक तर शपथ घ्यायला तयार, आणि दोघंही चूक. विरोधक जिंकला. स्मृती ज्ञान नव्हे.

बाईंनी डोळे मिटून घेतले. मी पाणी प्यायले. तो ग्लास परीक्षकांचा होता हे नंतर कळलं.

मग मी म्हणाले की अंधुक उजेडात दोरी साप दिसते, म्हणून डोळ्यांना कुणी बाद केलेलं नाही. दिवा आणतात आणि त्याच डोळ्यांनी पुन्हा पाहतात. आमची आठवण चुकली हे या पत्राने दाखवलं, कबूल. पण हे अक्षर माझं, ही शाई दादाची, हा वाद आम्ही घातलेला, हे मी कशावरून ओळखलं? मूळ प्रत हातात आली तरी ती मूळ आहे हे सांगायला आठवणच लागते. प्रयोगशाळेत आकडा चुकला तर आम्ही यंत्र फेकत नाही, नमुना दुसऱ्या यंत्रावर लावतो. आठवणीचंही तसंच. ती एकट्याने ताडता येत नाही, दुसऱ्याची प्रत लागते.

परीक्षक हसले. बाई म्हणतात, एकोणीस वर्षांत त्यांनी हे प्रथमच पाहिलं. मग म्हणाले की या काकूंच्या उत्तराला त्यांच्याकडे सध्या पूर्वपक्ष नाही. हो, काकूच म्हणाले!

तीन वाक्यांना अवतरणचिन्हं घालायची आणि खाली टीप: ‘दादाचे पत्र, १४ डिसेंबर’. बस, एवढीच दुरुस्ती. प्रथम श्रेणी, वर्गात पहिली. आज प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर एक बाटली होती, वर चिठ्ठी: ‘नमुना: काकू. निष्कर्ष: एम.ए.’ संशोधनाला नाव घाला असं परीक्षक जाताना सांगून गेले. पन्नाशीत! घालू का?

लोभ आता दोघांनी सारखा वाटून घ्यावा.
तुझी
शंकासुर

*

३० मे

चि. शंकासुर हिस,
अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला या वेळी समास नाही. दंड माफ. नाव घाल, हे विचारायची गोष्ट नव्हती.

वहिनीने बातमी शेजारीपाजारी सांगितली, दूधवाल्याला सांगितली, आणि चुकीचा नंबर लागून आपल्याकडे फोन आलेल्या एका गृहस्थांनाही सांगितली. ते म्हणाले, अभिनंदन, पण मला सुतार हवा होता. छापखान्यात मी स्वतः सांगितलं की माझ्या बहिणीने मला लेखी हरवलं. खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला, हरलेला माणूस इतका मिरवताना त्याने पाहिला नाही. खरं आहे. पाठशाळेत मी कित्येक वाद जिंकलो. त्यातला एकही मी कुणाला आपणहून सांगितला नव्हता.

तुझं पत्र परत पाठवत नाही. नियम मोडतो आहे. त्यात दोन चुका आहेत, त्या तशाच राहू देत.

आता एक गोष्ट लिहायची आहे. ती थट्टेत घालून पाहिली, बसत नाही; म्हणून सरळ लिहितो.

हनुवटीवरची खूण खरी आहे, वहिनी साक्षीला आहे. त्या रविवारी मी आरशासमोर हसलो हेही खरं. फक्त तुझं वाक्य तेवढं माझं झालं होतं, आणि मी त्याच्यावर शपथ घ्यायला निघालो. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच पत्रात मी लिहिलं होतं की पुढे शिकायचं नाही असं तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस. तू एका ओळीत उत्तर दिलंस आणि पुढे गेलीस. ती ओळ मी लाल शाई हातात घेऊन वाचली. चूक नव्हती, म्हणून सोडून दिली.

मला ते असं आठवतं. स्वयंपाकघराचं दार, तू चौकटीला टेकलेली, हातात ओलं फडकं. बाबा खुर्चीत. माझी पाठशाळेची तीन वर्षं राहिली होती आणि घरातून एकालाच पुढे पाठवता येणार होतं. तू म्हणालीस, मला नाही शिकायचं, दादाला जाऊ दे. इतकी वर्षं मी हे असंच वाचत आलो. गेले चार दिवस ते वाक्य ऐकू येतं ते माझ्या आवाजात. तिला कुठे शिकायचंय, असं मी म्हणालो, बाबांनी मान हलवली, आणि तू फडकं पिळत राहिलीस. यातलं खरं कुठलं, मला सांगता येत नाही. त्या दिवसाचं पत्र नाही. तेव्हा आपण एका घरात राहत होतो, कुणी कुणाला लिहीत नव्हतं.

बाबा आता नाहीत. दुसरी प्रत फक्त तुझ्याकडे आहे. सवडीने कळव, पण माझ्यासाठी एक शब्दही वाकवू नकोस. ते वाक्य माझं होतं, अशी मला भीती वाटते.

दर वेळी लिहितो की लोभ आहेच. या वेळी विचारतो.

तुझा
दादा